जुनं नाट्यगृह, सहा पायऱ्या आणि व्हीलचेअर : सुरुवात कुठून करावी?

ओळंबा
एका जुन्या दगडी नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा आराखडा चालू आहे. गाव आणि नाव मुद्दाम देत नाही, चर्चा मापांवर व्हावी म्हणून. मापं अशी :

पोर्चला ६ पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंमी, म्हणजे जोतं ९० सेंमी. फॉयर (दारातून शिरताच लागणारं दालन) आणि प्रेक्षागृहाची मागची बाजू एकाच पातळीवर. तिथून रंगमंचाकडे साधारण १:१४ चा उतार, १०.५ मीटरमध्ये ७५ सेंमी खाली. खाली ४६० खुर्च्या, बाल्कनीत १८०. बाल्कनीचा जिना लाकडी, वळणावर तिकोनी पायऱ्या. पहिल्या रांगेच्या जमिनीपासून रंगमंच १.०५ मीटर उंच. विंगेतून मेकअप रूमकडे जाताना ३ पायऱ्या. स्वच्छतागृहं फॉयरच्या बाजूला, ४ पायऱ्या खाली. इमारत वारसा यादीत, त्यामुळे दर्शनी भाग, पोर्च आणि जोत्याचा दगड यांना हात लावायचा नाही.

पैसे सगळ्याला पुरणार नाहीत. एक तर बाल्कनीपर्यंत लिफ्ट होईल, नाहीतर रॅम्प, स्वच्छतागृह आणि खुर्च्यांची कामं होतील. समितीचा कल लिफ्टकडे आहे, कारण लिफ्ट दिसते आणि तिच्यावर पाटी लावता येते. आधी काय करावं?

फुकट_पास
आधी रॅम्प. नाहीतर लोकांनी स्कूटर लावायची कुठे?

चाकोरी
आधी स्वच्छतागृह. हसू नका.

दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच-तीन तास. घरून निघणं, गाडी लावणं, परत जाणं धरलं तर पाच तास. आत शिरता आलं पण स्वच्छतागृह वापरता आलं नाही, तर माणूस सकाळपासून पाणी तोडतो किंवा येतच नाही. मग वर्षभराने समिती म्हणते, रॅम्प केला पण कोणी वापरत नाही.

बाल्कनीच्या लिफ्टला माझं शून्य मत. खाली ४६० खुर्च्या असताना व्हीलचेअर वर न्यायचं कारण काय? आगीत लिफ्ट बंद. मग तिकोनी पायऱ्यांवरून खाली आणणार कोण?

तिसरी_घंटा
चाकोरी +१.

पण रॅम्पचा हिशोब आधी मांडू, म्हणजे पैशांचा अंदाज येईल. १:१२ ने ९० सेंमी चढायला १०.८ मीटर. एवढं एका दमात चढवू नये. मध्ये १.५ मीटरचा सपाट टप्पा, वर दारापाशी १.५, खाली सुरुवातीला १.५. सरळ रेषेत १५.३ मीटर झाले. मधून दुमडला तर लांबी ८.४ मीटर आणि रुंदी साधारण २.६, शिवाय कठड्यांची जाडी. कठडा दोन उंचींवर, ९० सेंमीला एक आणि ७० च्या आसपास दुसरा. शेवटच्या टोकाला ३० सेंमी पुढे काढून खाली वळवायचा, नाहीतर बाही अडकते.

हे सगळं पोर्चसमोर आलं तर वारसा समिती फाइल तिथेच मिटते.

नेपथ्यवाला
तुम्ही सगळे पोर्चकडे बघताय. ओळंबांनी दिलेले आकडे पुन्हा वाचा. जोतं ९०, प्रेक्षागृह पुढे ७५ ने खाली जातं. म्हणजे पहिल्या रांगेची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा फक्त १५ सेंमी वर आहे. तिथे दोन्ही बाजूंना बाहेर पडायची दारं असणारच.

१५ सेंमीला रॅम्प लागतो १.८ मीटर. दाराबाहेर १.५ मीटरचा सपाट टप्पा धरून सव्वातीन मीटरमध्ये काम उरकतं. बाजूची भिंत, दर्शनी भागाला धक्का नाही.

उतरत्या प्रेक्षागृहांत हे नेहमीच तपासावं. सगळ्यात छोटा रॅम्प सगळ्यात देखण्या दारापाशी नसतो.

ओळंबा
नेपथ्यवाला, दंडवत. डाव्या बाजूला दार आहे, दोन झडपांचं, प्रत्येक झडप ६० सेंमी. बाहेरच्या बाजूला उघडतं. लाकडी उंबरा आहे, ४ सेंमी. उजवीकडचं दार जनरेटर रूमच्या बोळात उघडतं, ते बाद.

नेपथ्यवाला
मग तीन गोष्टी सांभाळा.

एक, झडप. डोअरकीपर एकच झडप उघडतो आणि ६० सेंमीतून बहुतेक व्हीलचेअर जात नाहीत. मोकळी रुंदी ९० लागते. दोन्ही झडपा उघडून भिंतीला आकड्याने अडकवायच्या, प्रयोगाच्या आधी अर्धा तास. हे कामाच्या यादीत लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या प्रयोगाला विसरतात.

दोन, उंबरा. तो कापू नका, वारसावाले आक्षेप घेतील आणि त्यांचं बरोबर असेल. ४ सेंमीला १:१२ ने ४८ सेंमी लांबीची पाचर, दोन्ही बाजूंना. आतली पाचर लाकडी, बाहेरची थेट रॅम्पच्या टप्प्यातच धरा, म्हणजे टप्पा उंबऱ्याच्या बरोबरीला येईल. मग रॅम्पचा चढ १९ सेंमी आणि लांबी २.३ मीटर होईल, तेवढी जागा ठेवा.

तीन, पाणी. टप्पा दाराच्या बरोबरीला आला की पावसाचं पाणी आत शिरतं. टप्प्याला बाहेरच्या बाजूला १:५० चा ढाळ आणि दाराशी आडवी जाळी. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, १२ मिमीपेक्षा रुंद नकोत. व्हीलचेअरचं पुढचं चाक दोन-अडीच सेंमी रुंद असतं. फट रुंद आणि उभी टाकली तर ते चाक आत जातं आणि माणूस पुढे पडतो.

तिसरी_घंटा
रॅम्प बांधकामाचा नको, पोलादी सांगाड्याचा करा. स्वतःच्या पायांवर उभा, दगडापासून २ सेंमी लांब, मध्ये रबराची पट्टी. भिंतीत एकही अँकर नाही. उद्या काढला तर खूण राहू नये, हेच वारसा समितीला हवं असतं. सिमेंटचा रॅम्प दगडी जोत्याला चिकटवला की ओल अडकते आणि क्षार दगडाच्या, चुन्याच्या सांध्यांत उतरतात. चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

वरचा पृष्ठभाग : गुळगुळीत ग्रॅनाइट अजिबात नाही. फ्लेम्ड (ज्वाळेने खडबडीत केलेला) ग्रॅनाइट किंवा खडबडीत शहाबाद. चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पोलादी पत्रा, स्वस्त पडते, पण पावसात घसरते आणि नाटक चालू असताना तिच्यावरून कोणी गेलं की पत्र्याचा आवाज आत येतो. खाली रबर दिलं तरी येतो.

फुकट_पास
माझा स्कूटरचा प्रश्न तसाच राहिला.

चाकोरी
तो विनोद नाही. स्कूटर चढू नये म्हणून लोक रॅम्पच्या तोंडाशी खांब रोवतात. व्हीलचेअरला ९० सेंमी फट सोडावी लागते आणि स्कूटरचं हँडल ७०-८० सेंमी असतं. जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर जातेच. मग साखळी लावतात, साखळीला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. त्यापेक्षा रॅम्पचं तोंड पार्किंगकडे न काढता पादचारी वाटेकडे वळवा. स्कूटरला वळणच मिळत नाही.

आता माझा मूळ आक्षेप. बाजूच्या दाराने आत घेणं म्हणजे मागच्या दाराने घेणं. बाकीचे फॉयरमध्ये गप्पा मारतात, जुन्या नटांच्या तसबिरी बघतात, आणि व्हीलचेअरवाला बोळातून शिरून थेट पहिल्या रांगेत एकटा बसतो.

थेम्सकाठ
लंडनमध्ये हाच वाद अजून चालू आहे. तिथल्या बऱ्याच जुन्या थिएटरांत रस्त्याच्या पातळीवर ड्रेस सर्कल (पहिली बाल्कनी) येतं आणि स्टॉल्स (तळमजल्याच्या खुर्च्या) जमिनीखाली असतात. त्यामुळे व्हीलचेअरची जागा 'वर' असते आणि तीच पायऱ्यांशिवायची. पिकॅडिलीचं १८७४ चं क्रायटेरियन तर जवळपास सगळंच जमिनीखाली आहे. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'वाजवी बदल' करायची जबाबदारी आहे. इमारत संरक्षित आहे म्हणून ती टळत नाही, फक्त बदल कसा करायचा ते ठरवताना संरक्षणाचा विचार होतो.

बाजूच्या दाराबद्दल तिथे रुळलेला तोडगा : तेच दार सगळ्यांना उघडा ठेवायचं. आजी-आजोबा, बाबागाडी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, सगळे तिथूनच. तिथे दिवा, पाटी, तिकीट तपासणारा माणूस. दार 'खास' राहिलं नाही की ते मागचं दार वाटत नाही.

नेपथ्यवाला
चाकोरी, आक्षेप मान्य. पण या इमारतीत आतूनही वाट निघते. पहिल्या रांगेपासून फॉयरपर्यंत १:१४ चा चढ आहे, तो १:१२ पेक्षा सौम्यच. सोबत कोणी असेल तर मध्यंतरात फॉयरमध्ये जाता येईल. १०.५ मीटरमध्ये टप्पा नाही, त्यामुळे एकट्याने हात मारत चढणं जड जाईल हे खरं. मधल्या वाटेला कठडा बसवा, तो काठीवाल्यांनाही लागतो. आणि वाटेतला गालिचा जाड असेल तर काढून आखूड लवीचा घाला, ६-७ मिमीचा, खाली चिकटवलेला. जाड गालिच्यावर चाक रुततं आणि चढ दुप्पट वाटतो.

खासबाग
कोल्हापूरकराची भर. आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं, शेजारी खासबाग मैदान. लई जीव तुटला राव.

पण या धाग्यातलं सगळं वाचून एकच सांगतो. जिथं आतलं नव्यानं उभं करायचंय तिथं ही कामं पायाबरोबर करायची. जमिनीचा उतार ठरतानाच व्हीलचेअरचा सपाट पट्टा, स्लॅब ओततानाच श्रवणयंत्रांना आवाज पोचवणाऱ्या लूपच्या तारेची नळी, भिंत बांधतानाच स्वच्छतागृहाच्या दांड्यांना भरीव वीट. नंतर करायचं म्हटलं की फोडायचं, आणि फोडायचं म्हटलं की 'पुढच्या बजेटला बघू'.

ओळंबा
खासबाग, अगदी बरोबर. आता खुर्च्यांचं बोलू. पहिली रांग घ्यावी का मागची? आणि किती जागा?

थेम्सकाठ
आकड्यासाठी अमेरिकेची २०१० ची मानकं सोपी आहेत. ३०१ ते ५०० खुर्च्यांना ६ जागा, त्यापुढे दर १५० किंवा त्याच्या भागाला एक. ६४० ला ७ होतात. आपल्याकडे तेवढ्या एकदम कायम ठेवायची गरज नाही. ३ कायम, ४ काढता येणाऱ्या खुर्च्यांच्या.

नेपथ्यवाला
खुर्ची ५२ सेंमी रुंद धरली तर दोन खुर्च्या काढून १०४ सेंमी मिळतात. एका व्हीलचेअरला रुंदी ९० पुरते. अडचण खोलीची आहे. रांगांमधलं अंतर ८५-९० सेंमी, आणि पायांसकट व्हीलचेअर १.२ ते १.३ मीटर. मधल्या रांगेत बसवली तर मागच्या रांगेत ३५-४० सेंमी घुसते, म्हणून मागच्याही दोन काढाव्या लागतात. एका जागेमागे चार खुर्च्या. निर्माता रडतो.

पहिल्या रांगेत किंवा मागच्या आडव्या वाटेला लागून असलेल्या रांगेत दोनच जातात. जुन्या संगीत नाटकांच्या थिएटरांत रंगमंचापुढे ऑर्गन-तबल्याची जागा असायची, ती आज रिकामी असते. पहिल्या रांगेपुढे तो मोकळा पट्टा असेल तर एकही खुर्ची न काढता दोन जागा निघतील.

सपाट पट्टा मात्र हवाच. १:१४ वर नुसता ब्रेक लावून बसलं तर शरीर चार अंश पुढे कलतं आणि तीन तास पाठ धरून राहावं लागतं. १.३ मीटर लांबीचा ओटा या उतारावर खालच्या टोकाला ९.३ सेंमी उंच येईल. त्या कडेला ७-८ सेंमीची पट्टी, नाहीतर पुढचं चाक खाली.

चाकोरी
पहिली आणि मागची, दोन्हीकडे ठेवा. व्हीलचेअरवर बसल्यावर डोळा जमिनीपासून ११५-१२० सेंमीवर असतो. रंगमंच १०५ वर. पहिल्या रांगेतून पाय जेमतेम दिसतात आणि मान वर. ज्यांना मान वर धरता येत नाही त्यांना ती जागा शिक्षा आहे. मागे बाल्कनीचं छत येतं, नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो, आणि टाळ्यांना सगळे उभे राहिले की काहीच दिसत नाही. मागची जागा २०-२५ सेंमी उचलली तर तो प्रश्न थोडा हलका होतो, पण तिथे छोटा रॅम्प आला. दोन्ही वाईट, पण निवड माणसाची असावी.

आणि सोबतच्या माणसाची खुर्ची शेजारी, पुढे-मागे नाही.

फुकट_पास
सोबतच्याला फुकट पास?

थेम्सकाठ
हो. लंडनला बऱ्याच थिएटरांत मदतीला येणाऱ्याच्या तिकिटाचे पैसे घेत नाहीत. तुमच्या नावाची सोय झाली.

तिसरी_घंटा
बुकिंगचं पण लिहा. ॲपवर या जागा दिसतच नाहीत किंवा साध्या खुर्च्या म्हणून विकल्या जातात. काढता येणाऱ्या खुर्च्या चार-चारच्या गटाने एका पट्टीवर बसवतात, खाली चाकं आणि जमिनीत खिट्टी. प्रयोगाच्या ४८ तास आधीपर्यंत मागणी नसेल तर खिडकीवर विकायला सोडा. निर्मात्याचं नुकसान नाही. फक्त खुर्च्या काढल्यावर बोल्ट वर राहू देऊ नका. जमिनीच्या पातळीला कापा, पितळी टोपी बसवा.

अर्जदार
कायद्याचं थोडक्यात, कारण समितीसमोर हेच चालतं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे लोक वापरतात ती सरकारी किंवा खाजगी कुठलीही इमारत, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या वापरासकट. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षं होती. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ ला संपली.

८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतूडी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा सक्ती म्हणतो आणि नियम मात्र मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवून मोकळे होतात. ज्या किमान गोष्टी सोडता येणार नाहीत त्या सक्तीच्या करून तीन महिन्यांत नियम करा, असं केंद्राला सांगितलं. तेव्हा 'शिफारस आहे हो, बघू' हे उत्तर आता टिकत नाही.

कडक_चहा
'दिव्यांग' हा शब्दच मला पटत नाही. अपंग म्हणा, सरळ. गोड शब्द लावले की रॅम्प न करायची मुभा मिळते.

अर्जदार
राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग वेगळा काढला, कायद्याच्या मराठी रूपातही तोच शब्द. अर्ज करताना तोच लिहावा लागतो.

चाकोरी
मला दोन्ही चालतात. पाटीवर मात्र शब्दच नको, चिन्ह आणि बाण पुरे. आणि बाण कुठे तरी पोचवणारा असावा.

संपादक
शब्दाचा वाद वेगळ्या धाग्यात. इथे स्वच्छतागृहावर या, कोणीतरी मघाशी ते आधी म्हणालं होतं.

चाकोरी
धन्यवाद संपादक. ४ पायऱ्या खाली असलेल्या स्वच्छतागृहाच्या मागे लागू नका. फॉयरच्या पातळीवर जुनी तिकीट खिडकी किंवा क्लोक रूम असेल तर ती घ्या. आत १.५ मीटरचं वर्तुळ फिरायला मोकळं हवं. साधारण २.२ बाय २ मीटरमध्ये बसतं.

कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंमी. एका बाजूला भिंत, कमोडचा मध्य भिंतीपासून ४५-५० सेंमी. दुसऱ्या बाजूला ९० सेंमी मोकळं, व्हीलचेअर शेजारी लावून सरकण्यासाठी. हीच जागा पहिली भरली जाते, कचऱ्याचा डबा ठेवून. त्या बाजूची दांडी वर दुमडणारी हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं असेल आणि माणूस दारापाशी पडला तर बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही.

मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत सोडतात, कारण ती पडलेल्या माणसासाठी असते. सफाईवाले ती गुंडाळून वर बांधतात. ओली होते म्हणून.

तिसरी_घंटा
दांड्यांबद्दल : पोकळ ब्लॉकच्या भिंतीत रावळप्लगवर दांडी टिकत नाही. माणसाचं पूर्ण वजन झटक्याने येतं. भिंत भरीव करा, नाहीतर आरपार बोल्ट आणि मागे पोलादी पट्टी.

फुकट_पास
आणि आत झाडू, बादल्या, दोन जुने बॅनर आणि गेल्या गणेशोत्सवाची तोरणं ठेवायला फडताळ.

चाकोरी
बरोबर. खरंच बाहेर फडताळ द्या, नाहीतर ते सगळं आतच येणार.

कानसेन
आवाजावर कोणी बोललं नाही. ऐकू कमी येणारा प्रेक्षक व्हीलचेअरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. नाटकाचा नेहमीचा प्रेक्षकच साठीपुढचा आहे.

इंडक्शन लूप म्हणजे प्रेक्षागृहाभोवती जमिनीत फिरवलेली तांब्याची तार आणि तिला चालवणारा खास अँप. श्रवणयंत्रातल्या टी-कॉइलला (तारेच्या छोट्या गुंडाळीला) आवाज थेट मिळतो, हॉलचा घुमारा मध्ये येत नाही. मानकात आवाजाच्या शिखराला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर चुंबकीय क्षेत्र लागतं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे १.२ मीटरला. स्लॅबमधल्या सळ्या हे क्षेत्र खातात, उंच स्वर आधी. त्यामुळे दगडी भिंती आणि लाकडी जमीन असलेली जुनी थिएटरं नव्यांपेक्षा लूपला सोयीची. इथे तरी जुनेपणा कामी येतो.

काय बिघडतं? लाइटचे डिमर, म्हणजे दिवे कमी-जास्त करणारी यंत्रं. थायरिस्टर डिमर विजेची लाट मधेच कापतात, तिची गुणगुण लूपमध्ये ऐकू येते. सगळ्यात जास्त त्रास अर्ध्यावर, पूर्ण उजेडात कमी. म्हणून मोजणी करताना सगळे दिवे ५० टक्क्यांवर ठेवून मोजा, सकाळी दिवे बंद ठेवून मोजलेलं निरुपयोगी. डिमरच्या केबल आणि लूपची तार एकत्र बांधू नका, समांतरही नेऊ नका.

आवाज मिक्सरमधूनच घ्या. विंगेशेजारच्या माइकवरून घेतला तर म्हाताऱ्या आजोबांना नटाच्या आधी प्रॉम्प्टर ऐकू येईल.

ओळंबा
टी-कॉइल सगळ्या यंत्रांत असते का?

कानसेन
नाही. कानात पूर्ण आत बसणाऱ्या छोट्या यंत्रांत बहुधा जागा नसते. म्हणून तिकीट खिडकीवर १०-१५ रिसिव्हर आणि हेडफोन ठेवायचे. बॅटऱ्या चार्ज करायचं काम एका माणसाच्या नावावर. कानावरचे फोम प्रत्येक प्रयोगानंतर बदला.

पांढरी_काठी
अंध प्रेक्षकासाठी रॅम्पइतकं बांधकाम लागत नाही, शिस्त लागते. पायरीच्या कडेला ५ सेंमीची उठून दिसणारी, वेगळ्या रंगाची पट्टी. ती अल्पदृष्टी असणाऱ्यांना आणि अंधारात उशिरा येणाऱ्या सगळ्यांनाच. रांगेचं अक्षर खुर्चीच्या कडेला उठावात, ब्रेलसकट.

ध्वनिवर्णनाला एक माणूस, मागे काचेची छोटी खोली, एक ट्रान्समीटर. वर्णन करणारा प्रयोग दोन-तीनदा आधी बघतो आणि संवादांच्या मधल्या फटी मोजतो. त्या फटीत बसेल तेवढंच बोलायचं : कोण आलं, हातात काय, नजर कुठे. नटाचा अभिनय समजावून सांगायचा नाही. श्रोत्याला एकाच कानाचा इअरफोन, दुसरा कान रंगमंचाला मोकळा. प्रयोगाआधी तासभर नेपथ्याला हात लावून बघू दिलं तर वर्णनाचे निम्मे शब्द वाचतात. लंडनला व्होकलआइज ही संस्था १९९८ पासून हे करते.

थेम्सकाठ
आणि बधिरांसाठी स्टेजटेक्स्ट, २०००पासून. बाजूच्या पट्टीवर संवाद उमटतात.

कानसेन
मराठीत पट्टीच्या दोन गोच्या. एक, १६ ठिपक्यांच्या उंचीच्या एलईडी पट्टीवर देवनागरी बसत नाही. वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'र्त्यू' चा गोळा होतो. ३२ ठिपके घ्या. रंग पिवळसर, पांढरा नको, ब्लॅकआउटमध्ये सगळा रंगमंच उजळतो.

दुसरी, आमचे विनोदी नट. ॲडिशन घेतात, म्हणजे संहितेबाहेरची वाक्यं. लिहिलेल्या ओळी एका मागोमाग आपोआप सोडल्या तर दहाव्या मिनिटाला नट एकीकडे, पट्टी दुसरीकडे. संहिता समोर ठेवून प्रत्येक ओळ हाताने सोडणारा माणूस लागतो, आणि 'इथे ॲडिशन' अशी एक कोरी ओळ तयार ठेवावी लागते.

फुकट_पास
काही नाटकांत तीच एक ओळ पुरेल.

नेपथ्यवाला
कलाकारांचं विसरलो. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन नाटकं उभी केली, तेव्हा 'अपंग म्हणजे प्रेक्षक' हे गृहीत धरू नका. विंगेतल्या ३ पायऱ्या ४५ सेंमीच्या धरल्या तर १:१२ ने ५.४ मीटर लागतील. विंगेत तेवढी जागा नसते. सामान घ्यायच्या मागच्या दारातून बघा. टेम्पोच्या फळीच्या उंचीला ते दार असतं आणि बहुतेकदा रंगमंचाच्या पातळीला. तिथे उभी चालणारी प्लॅटफॉर्म लिफ्ट, दीड बाय दीड मीटर, १.२ मीटर उचल. व्हीलचेअरवालाही जाईल आणि कपड्यांच्या पेट्याही. खड्डा ८-१० सेंमीचा लागतो, त्यात निचरा द्या. पावसाचं पाणी साचून मोटार जाणं हा या लिफ्टचा नेहमीचा मृत्यू.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला अर्धा मीटर आत खडबडीत पट्टी चिकटवा. पायाला कळते, प्रेक्षकाला दिसत नाही.

अर्जदार
बाल्कनीकडे एकदा परत. १३ जून १९९७ च्या दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जण गेले. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायच्या वाटा अडवल्या होत्या. व्हीलचेअरच्या जागा ठरवताना त्या बाहेर पडायच्या वाटेत येत नाहीत ना, हे अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या. नेपथ्यवाला म्हणतात ते डावं दार आत यायचंही आहे आणि आपत्कालीनही. त्याच्यासमोर व्हीलचेअर उभी राहता कामा नये.

चाकोरी
आणि जिन्यावरून उतरवायची इव्हॅक्युएशन चेअर घ्यायची म्हणाल तर ती सरळ पायऱ्यांवर चालते. तिकोनी पायऱ्यांवर तिचा पट्टा नीट टेकत नाही. म्हणजे बाल्कनीचा प्रश्न पुन्हा तिथेच.

ओळंबा
मूळ प्रश्नावर येतो. समितीला उद्या असा क्रम देणार :

पहिलं काम, जुन्या क्लोक रूमचं स्वच्छतागृह. दुसरं, डाव्या दाराचा पोलादी रॅम्प, उंबऱ्याच्या पाचरी, दिवा आणि तिकीट तपासणीचं टेबल. तिसरं, पहिल्या रांगेपुढे दोन जागा आणि मागच्या आडव्या वाटेशी एक उचललेली, बाकी चार काढत्या. चौथं, मधल्या वाटेचा कठडा, गालिचा आणि पायरीच्या पट्ट्या. जमीन उचकटलीच आहे तर लूपची तार त्याच वेळी. मागच्या दाराची लिफ्ट पुढच्या वर्षी. बाल्कनीची लिफ्ट यादीतच नाही.

पहिल्या रांगेपुढचा पट्टा काल मोजला. ऑर्गनची जुनी जागा निघाली, २.१ मीटर खोल.

नेपथ्यवाला
मग एकही खुर्ची जात नाही. पण तिथे खाली पोकळ लाकडी फळ्या असतील, झाकलेला खड्डा. इलेक्ट्रिक व्हीलचेअर माणसासकट २०० किलोच्या वर जाते आणि सगळा भार चार ठिकाणी येतो. फळी उघडून खालचे वासे बघा, वाळवी लागलेली असते.

चाकोरी
आणि क्लोक रूमच्या स्वच्छतागृहाची किल्ली?

ओळंबा
कुलूपच नाही. आतून कडी, बाहेरून नाण्याने उघडणारी.

फुकट_पास
नाणं कोणाकडे असणार?